माफक पैशांतला युरोप

१८६५ साली ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये एक लेख छापून आला. लेखक चार्ल्स लीव्हर, आयरिश कादंबरीकार. पोटापाण्यासाठी इटलीतल्या स्पेझिया बंदरात ब्रिटिश सरकारचा उपवाणिज्यदूत. टोपणनावाने लिहिलेल्या या लेखात त्याने इटलीच्या शहरांतून चाळीस-चाळीसच्या घोळक्याने फिरणाऱ्या आपल्याच देशबांधवांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. ऑस्ट्रेलियाने जे कैदी घ्यायला नकार दिला, तेच ब्रिटिश सरकार आता कुक नावाच्या माणसाच्या मदतीने इटलीत आणून सोडत आहे, अशी आवईही त्याने उठवली. त्या बिचाऱ्यांचा गुन्हा एवढाच, की ते दुकानदार, शिक्षक, कारकून होते, पैसे मोजून-मापून आणले होते आणि स्वस्त पडतं म्हणून एकत्र फिरत होते.

मुंबईच्या फोर्टात एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. १९७८च्या सुमारास मी तिथे चिकटले, तेव्हापासून लीव्हरसाहेबांचे वंशज मला नियमित भेटत आले. ‘पंधरा दिवसांत सात देश? याला काय पाहणं म्हणायचं?’ असं विचारणारी मंडळी बहुधा कंपनीच्या खर्चाने जाऊन आलेली असत. समोरच्या खुर्चीवर मात्र पार्ल्याचे मास्तर आणि त्यांच्या बाई, बँकेतले हेडक्लार्क, मुलाच्या मुंजीचा खर्च वाचवून निघालेलं जोडपं असे लोक बसत. त्यांच्या हातात वहीचं एक पान असे आणि त्यावर पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड, लंडन, जमलंच तर हॉलंड, अशी यादी.

या यादीला हावरटपणा म्हणणं सोपं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. थोड्या दिवसांत अनेक देश करायचा हा रिवाज गरजेतून आला. तिकीट, पैसा आणि सीमा या तीन गाठी जोवर घट्ट होत्या, तोवर पुन्हा येणं होईल याची कुणालाच खात्री नव्हती. म्हणून जे पाहायचं ते एकाच खेपेत. या गाठी कुणी, केव्हा आणि कशा सैल केल्या, तो माफक पैशांतल्या युरोपचा इतिहास आहे.

पहिली गाठ तिकिटाची. थॉमस कुक हा इंग्लंडमधला सुतारकाम शिकलेला, दारूबंदीचा प्रचार करणारा बाप्टिस्ट माणूस. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी एक शिलिंगात सुमारे ५०० माणसं रेल्वेने नेली. पुढे स्कॉटलंडच्या सहली हा त्याचा हातखंडा झाला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाचं निमित्त साधून त्याने पहिल्यांदा लोकांना इंग्लिश खाडीपलीकडे नेलं. हार्विचहून अँटवर्प, मग ब्रसेल्स, कोलोन, ऱ्हाइन नदीतून वर, हायडेलबर्ग, बाडेन-बाडेन, स्ट्रासबर्ग आणि शेवटी पॅरिस. बेल्जियम, तेव्हाची जर्मन राज्यं आणि फ्रान्स एका फेरीत बसवणारा हा मार्ग आजच्या कुठल्याही टूरच्या पत्रकात शोभेल. कुकला मात्र त्यात तोटा झाला, कारण प्रत्येक रेल्वे कंपनी निराळी आणि सवलत द्यायला कुणीच राजी नाही.

१८६२ साली स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनीही त्याला सवलतीची तिकिटं देणं बंद केलं. घरचा धंदाच बुडाला तेव्हा कुकने पुन्हा खाडीपलीकडे नजर टाकली. न्यूहेवन ते दिएप या बोटीच्या मार्गावर जाणाऱ्या रेल्वे कंपनीशी त्याचं जमलं आणि जून १८६३मध्ये तो स्वित्झर्लंडची पहिली सहल घेऊन निघाला.

या सहलीची हकिगत आपल्याला कळते ती यॉर्कशायरच्या सेल्बी गावातल्या जेमायमा मॉरेल या तरुणीमुळे. तिने रोजनिशी ठेवली होती. ती हरवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या ईस्ट एंडमध्ये बॉम्बहल्ल्यात पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात सापडली. सहलीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६३ साली, ती पुस्तकरूपाने आली. पॅरिस, जिनिव्हा, शामोनी, मार्तिन्यी, मग गेमी खिंड ओलांडून कांडरश्टेग, इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, लुत्सर्न आणि रिगीवरचा सूर्योदय असा हा तीन आठवड्यांचा कार्यक्रम. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा डोंगरांत रेल्वे पोचलेली नव्हती, त्यामुळे निम्मी वाट घोडागाडी, खेचर आणि पायांवर. बायका घेरदार झग्यांत बर्फ तुडवत होत्या. पहाटे चार-पाचला उठायचं आणि रात्री उशिरा टेकायचं. म्हणजे ‘पहाटे वेक-अप कॉल, सहाला नाश्ता, सातला बस’ ही आपल्या टूर मॅनेजरांनी काढलेली टूम नव्हे.

कुकचं खरं कर्तृत्व डोंगर दाखवण्यात नव्हतं. डोंगर तिथे होतेच. त्याने कागद बनवले. अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारी गोल फेरीची तिकिटं, १८६८ सालापासून हॉटेलची कुपनं आणि १८७४मध्ये सर्क्युलर नोट. कुपनाचं तंत्र साधं होतं. बिछाना, नाश्ता आणि रात्रीचं जेवण यांची किंमत लंडनमध्येच ठरायची आणि भरली जायची. लुत्सर्नच्या हॉटेलात फक्त चिटोरं द्यायचं. कारकुनाच्या दृष्टीने यात मोठा दिलासा होता. परमुलखात, परभाषेत, बिलावरून वाद घालायची वेळच येत नव्हती. खर्चाचा आकडा घर सोडण्यापूर्वीच माहीत. मध्यम ऐपतीच्या माणसाला स्वस्ताईइतकीच ही निश्चिंती लागते, हे कुकने ओळखलं होतं. सर्क्युलर नोट नेमून दिलेल्या ठिकाणी दाखवून तिथलं नाणं घ्यायचं. पुढे १८९१ साली अमेरिकन एक्स्प्रेसने आणलेल्या ट्रॅव्हलर्स चेकची ही आधीची पिढी.

आणि मार्च १८७३मध्ये आलं वेळापत्रक. कुकच्या जॉन ब्रेडॉल नावाच्या कर्मचाऱ्याने युरोपभरच्या गाड्या एका पुस्तकात गोळा केल्या. महायुद्धातला खंड सोडला तर हे पुस्तक ऑगस्ट २०१३पर्यंत कुक कंपनीच्या नावाने निघत राहिलं, आणि पुढच्या वर्षापासून जुन्या संपादकांनी ते स्वतंत्रपणे चालू ठेवलं. आमच्या टेबलावर त्याची लाल रंगाची प्रत कायम असे. पंचांग वाचायला जसं कुणाकडून तरी शिकावं लागतं, तसंच हे. पानाच्या डोक्यावर टेबल क्रमांक, डावीकडे उभी स्टेशनांची रांग आणि गाड्यांचे उभे रकाने. रकान्याच्या माथ्यावर बारीक खुणा. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे दिसले की गाडी सोमवार ते शनिवार, सुट्टी सोडून. क्रूस असेल तर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. गोलातला एक म्हणजे सोमवार, गोलातला सात म्हणजे रविवार. चौकटीतला ‘आर’ म्हणजे आरक्षणाशिवाय चढू नका.

हातोड्यांची खूण नजरेतून सुटली की फार महागात पडे. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे बहुतेक देशांत कामगारांची सुट्टी. आपली मंडळी शाळेच्या परीक्षा संपल्या की, नेमकी एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला निघणार. लहान स्टेशनावरची सकाळची गाडी त्या दिवशी नसली की पुढची चुकते, तिच्या पुढची रात्रीची चुकते आणि एका रात्रीचं हॉटेल अंगावर येतं. माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘बाई, आधी खुणा वाचायच्या, मग आकडे.’

कुकने १८८१ साली मुंबईत कचेरी उघडली, तेव्हा तिचा रोख राजेरजवाडे आणि साहेबांकडे होता. मराठी मध्यमवर्गाला युरोप आधी भेटला तो पुस्तकांतून. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंचं प्रवासाचं पत्र त्याच वर्षी छापलं गेलं. पुढे १९६० साली पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ आलं आणि तिकडे जाण्याचं स्वप्न दिवाणखान्यात येऊन बसलं. जायचं कसं हा प्रश्न मात्र होताच.

पन्नाशीच्या दशकात बॅलार्ड पिअरहून लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीची ‘एशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ ही जहाजं सुएझमार्गे इटलीला जात. नेपल्स किंवा जेनोआला उतरायचं, रेल्वेने युरोप चिरत लंडन गाठायचं, वाटेत जमेल ते पाहायचं. विद्यार्थ्यांचा हा ठरलेला रस्ता होता. १९६७ साली अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ साली उघडला. तोवर प्रवासी जहाजांचे दिवस सरले होते.

विमानाच्या तिकिटात त्याहून मोठी सोय दडलेली होती, आणि ती आमच्या धंद्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पूर्ण भाड्याचं मुंबई-लंडन तिकीट म्हणजे तेवढ्या मैलांची परवानगी. दोन शहरांमध्ये जास्तीत जास्त किती मैल उडता येतील याचा आकडा भाडेपुस्तकात असे. तुमची वाकडी वाट त्या आकड्यात बसली, तर कैरो, अथेन्स, रोम, जिनिव्हा, पॅरिस अशी कुठेही उतरत जा, भाडं तेच. मैल थोडे जास्त झाले तर पाच टक्के भरा, आणखी जास्त झाले तर दहा, असं पंचवीस टक्क्यांपर्यंत. एअर इंडियाची ८ जून १९४८ची पहिली लंडन फेरीसुद्धा कैरो आणि जिनिव्हाला उतरत गेली होती.

मी शिकले तेव्हा हे सगळं हाताने चाले. कागदाच्या कडेला एकाखाली एक मैल मांडायचे, बेरीज करायची, मग तिकीट लिहायचं. एका तिकिटात चार कुपनं, त्यांच्या पाठीला लाल कार्बन. बोटं दिवसभर लाल. चारांहून अधिक उड्डाणं असली की दुसरं तिकीट पाठच्या क्रमांकाचं जोडायचं. एक शहर वाटेतून काढून दुसरं घातल्याने बेरीज आकड्याच्या आत आली, की जो आनंद व्हायचा तो काउंटरपलीकडच्या माणसाला समजावता येत नसे. त्याला फक्त एवढंच कळे, की लंडनच्या पैशांत त्याला रोम मिळालं.

ही सोय आपल्या लोकांना सोन्यासारखी वाटे, त्याचं कारण दुसऱ्या गाठीत होतं. परकीय चलन! तिकीट रुपयांत काढता येई. हॉटेल, जेवण, संग्रहालयं यांना परदेशी पैसा लागे आणि तोच सरकार देत नव्हतं. १९५७च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर फास आवळला गेला. परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ लागे, आणि सत्तरच्या दशकात सामान्य प्रवाशाच्या हाती पडत आठ डॉलर.

याच्याशेजारी एक पुस्तक ठेवून पाहा. जर्मनीत अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या आर्थर फ्रॉमर या वकिलाने १९५७ साली ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ काढलं. स्टेशनजवळचं घरगुती लॉज, न्हाणीघर नसलेली खोली, कामगारांची खानावळ असं सगळं पत्त्यांसकट. अमेरिकेच्या मध्यमवर्गाने ते डोक्यावर घेतलं. त्या वाचकाची काटकसर दिवसाला पाच डॉलरची होती. आपल्या माणसाला अख्ख्या प्रवासाला आठ! मग वेंबलीतला मावसभाऊ, जिनिव्हात नोकरीला असलेला वर्गमित्र, त्याच्या ओळखीतला पॅरिसचा कुणी, अशी साखळी बांधून लोक जात. बॅगेत चिवडा, मेतकूट, दशम्या. याची पुढे खूप टर उडवली गेली, पण आठ डॉलरवाल्याने रोममध्ये जेवायचं कशाने, याचं उत्तर टर उडवणाऱ्यांकडे नव्हतं.

पुढे ‘फॉरेन ट्रॅव्हल स्कीम’ आली आणि ५०० डॉलर मिळू लागले, पण काही वर्षांतून एकदाच. बँक पासपोर्टाच्या मागच्या पानांवर रक्कम लिहून शिक्का मारायची. एकदा शिक्का बसला की पुढची काही वर्षं दार बंद. सात देशांच्या यादीचं मूळ मला या शिक्क्यात दिसतं. पुढची खेप केव्हा हे सरकार ठरवणार असेल, तर पॅरिस पाहून रोम पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची चैन कोण करील?

डॉलर मोजके म्हणून रात्रीची गाडी हे आमचं मुख्य हत्यार झालं. १९५९ साली तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून युरेल पास काढला होता, फक्त युरोपबाहेरच्यांसाठी आणि विकत घ्यायचा तोही युरोपबाहेरच. युरोपच्या स्वतःच्या पोरांसाठी १९७२ साली इंटररेल आला: वय एकवीसच्या आत, २१ देश, एक महिना, साडेसत्तावीस पौंड. एका वर्षापुरता म्हणून काढलेला हा पास लोकांनी बंद होऊ दिला नाही.

युरेलच्या फ्लेक्सी पासात महिन्या-दोन महिन्यांतले मोजके दिवस वापरायचे असत आणि प्रत्येक दिवसाला एक चौकोन. त्यात गाडीत चढण्याआधी पेनाने तारीख लिहायची. खाडाखोड दिसली की तपासनीस लबाडी धरून दंड लावायचा. यातला संध्याकाळी सातचा नियम मी प्रत्येकाला दोनदा समजावून सांगे. रात्रीची गाडी सातनंतर सुटत असेल, तर चौकोनात उद्याची तारीख टाका. म्हणजे आज रात्री निघालात, सकाळी पोचलात आणि उद्याचा अख्खा दिवस पुन्हा कुठेही जायला मोकळा. पासाचा एकच दिवस खर्च. सहा बर्थच्या कुशेतमध्ये डब्याचा सेवक तिकीट आणि पासपोर्ट रात्रीच गोळा करून ठेवी, म्हणजे मध्यरात्री सीमेवर पोलिसांनी झोपलेल्यांना उठवायला नको. आपल्या लोकांचा यावर विश्वास बसत नसे. परमुलखात पासपोर्ट हातातून द्यायचा या कल्पनेनेच कित्येक जण रात्रभर जागत.

ब्रिटन मात्र युरेलमध्ये नव्हतं. ते २०१९मध्ये आलं. लंडन पाहिजे तर वेगळं तिकीट, वेगळी बोट. १९९४ साली खाडीखालचा बोगदा सुरू झाला आणि युरोस्टार धावू लागली, तरी हिशेब वेगळाच राहिला.

रात्र गाडीत काढायची नसेल तर यूथ हॉस्टेल. ही कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९०९च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना पायी सहलीला घेऊन गेला असताना वादळात सापडला आणि रात्र एका गावातल्या शाळेत काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग मुलांना तिथे झोपू का देऊ नये, असं त्याला सुचलं. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह सुरू झालं. आमच्या तिशी-पस्तिशीतल्या जोडप्यांना अशी वसतिगृहं स्वस्त पडत, पण बव्हेरियात सव्वीस वर्षांवरच्यांना बरीच वर्षं मज्जाव होता. त्यामुळे म्युनिकची रात्र नेहमी गाडीत जाई.

तिसरी गाठ सीमेची, आणि ही मधल्या काळात सुटण्याऐवजी आवळत गेली. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्ट विचारतच नसत. जेमायमाला दर सीमेवर व्हिसा दाखवावा लागला नव्हता. आमच्या काळात उलट गंगा. १९८६च्या शरद ऋतूत पॅरिसमधल्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रान्सने जवळपास सगळ्या जगाला व्हिसा लावला, अमेरिकनांनासुद्धा. त्याच सुमारास ब्रिटनने भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला. पाच देश म्हणजे पाच वकिलाती, पाच अर्ज, पाच फिया, आणि पासपोर्ट मात्र एकच. तो एका ठिकाणी अडकला की बाकीचे खोळंबले. मार्ग नकाशावरून ठरेनासा झाला. कोणता व्हिसा किती दिवसांत मिळतो यावरून ठरू लागला.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-अस्त्रिद’ या बोटीवर पाच देशांनी सीमेवरची तपासणी काढून टाकण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात तो २६ मार्च १९९५ रोजी सात देशांत लागू झाला आणि एकाच व्हिसावर हे देश फिरता येऊ लागले. आमच्या धंद्याच्या दृष्टीने कुकनंतरची सगळ्यात मोठी घटना हीच.

तरी एक खोच राहिली. स्वित्झर्लंड १२ डिसेंबर २००८पर्यंत शेंगेनच्या बाहेर होतं. फ्रान्सातून स्वित्झर्लंडला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. तिथून इटलीत शिरणं म्हणजे दुसरा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर खेळ संपला. आपल्या माणसाचा युरोप स्वित्झर्लंडवाचून पुरा होत नाही. १९६४च्या ‘संगम’पासून आल्प्स त्याच्या डोळ्यांत भरलेले आणि १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया’ने तर युरेलवरून फिरणारी पोरंच पडद्यावर आणली. म्हणून अर्जात ‘अनेक प्रवेश’ या चौकोनावर खूण करायला विसरू नका, हे आम्ही लाल शाईने लिहून देत असू.

१ जानेवारी २००२ला युरोच्या नोटा आल्या आणि फ्रँक-लिरा-मार्क यांच्या अदलाबदलीत दर सीमेवर जाणारं कमिशन वाचलं. इकडे १ जून २०००पासून परकीय चलनाचा कडक ‘फेरा’ कायदा जाऊन सैल ‘फेमा’ आला, आणि २००४पासून माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. आज ती अडीच लाखांची आहे. आठ डॉलर ते अडीच लाख, आणि तेही माझ्याच नोकरीच्या पिढीच्या डोळ्यांदेखत!

याच काळात मराठी टूर कंपन्या फोफावल्या. केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली कंपनी काढली आणि पुढे परदेशी सहलींत मराठी भाषेतला टूर मॅनेजर व रात्री वरणभात हे समीकरण सर्वांनी उचललं. कुकने लंडनमध्ये हॉटेलची कुपनं विकली, यांनी दादरला सगळा युरोप रुपयांत एकरकमी विकला. तत्त्व एकच, घर सोडण्यापूर्वी खर्च ठाऊक असणे. बसची टूर स्वस्त का, तर हॉटेल शहराबाहेर हमरस्त्यालगत, जेवण घाऊक आणि तिकिटं गटाची. दर थोड्या वेळाने बस थांबते म्हणून लोक कुरकुरतात, पण त्यामागे कायदा आहे. साडेचार तास चालवल्यावर चालकाला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांवर चाक फिरवता येत नाही. टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवतं. सात देशांचा कार्यक्रम या नऊ तासांच्या मापाने कापलेला असतो.

आज माझ्याकडे भाचरं सल्ला मागायला येतात, तेव्हा मी काय सांगते? बारा रात्री असतील तर पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. पॅरिसला उतरा, रोमहून परत या. त्याच शहरात माघारी येण्याचं भाडं आणि दिवस वाचतो. पॅरिस ते झ्युरिक टीजीव्हीने चार तासांच्या आसपास. तिथून मिलानला २०१६ साली उघडलेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून, मिलानहून रोम तीन तासांत. इटलीत २०१२पासून इटालो ही खाजगी कंपनी सरकारी रेल्वेशी स्पर्धेला उतरली आहे, त्यामुळे आगाऊ तिकीट स्वस्तात पडतं. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचे पैसे निराळे, म्हणून एवढ्या तीन-चार गाड्यांसाठी पास बहुधा परवडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये रात्री कमी आणि इटलीत जास्त ठेवा. आणि ज्या देशात रात्री सर्वांत जास्त, त्याच देशाकडे व्हिसा मागायचा हा नियम लक्षात ठेवा. स्वस्त विमानाचा मोह झाला तर विमानतळ नकाशावर बघा. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे. रात्रीच्या गाड्या जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६मध्ये बंद केल्या, पण ऑस्ट्रियन रेल्वेने नाइटजेट नावाने त्यातल्या बऱ्याच उचलल्या, तेव्हा ते जुनं हत्यारही अजून चालतं.

एवढं ऐकून भाची विचारते, ‘आणि ॲमस्टरडॅम? प्राग? लंडन?’ चलनाचा शिक्का गेला, पाच वकिलाती गेल्या, तरी यादी आहे तेवढीच राहिली. मला वाटतं, आता चौथी गाठ उरली आहे ती रजेची. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि तिच्याबरोबर रेल्वेचं सवलतीचं तिकीट. हिंडायला पैशांइतकीच रजा लागते, हे त्या सरकारला समजलं होतं. आमच्या भाचीला साहेब सलग दहा दिवस सोडायला तयार नाही. दहा दिवसांत किती देश, हा प्रश्न मग तिने मला नव्हे, साहेबाला विचारायला हवा. तोवर माझं तिला एकच सांगणं आहे: तुझ्या आजोबांना दुसऱ्यांदा जाता येणार नव्हतं म्हणून त्यांनी सात देश केले. तुला जाता येईल. तीन कर, आणि उरलेल्या चारांसाठी पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज आत्ताच टाक.